दात मोजावेत

'धर्माची गाय आणि दात काय' अशी म्हण आहे. फुकट मिळालेल्या वस्तूत खोट काढू नये, असा तिचा अर्थ. ही म्हण ऐकवणारा माणूस बहुतेक वेळा देणारा असतो, हे माझ्या लक्षात यायला एक कुत्रा जावा लागला.

त्याचं नाव बंडू. ओळखीतले एक गृहस्थ गाव सोडून चालले होते, त्यांनी तो आम्हाला दिला. पाच वर्षांचा, तांबूस, एक कान उभा आणि एक मोडलेला. "एकदम ठणठणीत आहे, आजवर एकदाही डॉक्टरकडे न्यावं लागलं नाही," असं ते दोनदा म्हणाले आणि मी ते दोन्ही वेळा कौतुकाने ऐकलं. 'न्यावं लागलं नाही' आणि 'नेलं नाही' यांच्यातलं अंतर मला तेव्हा कळत नव्हतं. आता कोणी हेच वाक्य म्हटलं की बंडूच्या उभ्या कानासारखा माझा कान उभा राहतो.

बंडू पाणी फार प्यायचा. गटागट आवाज करत भांडं रिकामं करायचा आणि मग त्या रिकाम्या भांड्याकडे बघत बसायचा. आम्हाला त्याची गंमत वाटे. आलेल्या-गेलेल्यांना आम्ही ती दाखवतही असू. रात्री दोनदा बाहेर न्यावं लागे, तेव्हा म्हणायचो, नवीन घर आहे, रुळेल. चौथ्या महिन्यात त्याने खाणं टाकलं, तोंडाला एक विचित्र वास यायला लागला, उलट्या सुरू झाल्या. मग डॉक्टर, मग रक्ताचा रिपोर्ट. मूत्रपिंडांचं दोन तृतीयांश काम बंद पडेपर्यंत कुत्रं वरून धडधाकट दिसतं. त्यानंतर लघवी पातळ होत जाते, ती भरून काढायला ते पाणी पितं. आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा रक्तातला कचरा, त्याचा आकडा वर चढतो तोवर साधारण तीन चतुर्थांश काम संपलेलं असतं. म्हणजे आम्ही ज्याची गंमत दाखवत होतो ते लक्षण होतं, आणि ते पहिल्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात भांड्यासमोर बसलेलं होतं.

डॉक्टरांनी घरी पाणी मोजायला सांगितलं. निरोगी कुत्रं दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी पितं. १०० च्या वर गेलं तर त्याला नुसती तहान म्हणता येत नाही. बंडू १८ किलोचा. मोजून ओतलेलं पाणी २४ तासांत अडीच लिटर भरलं. मोजपात्र घरात होतंच, चहाच्या कपांशेजारी उलटं घातलेलं. पहिल्याच आठवड्यात ते सरळ केलं असतं तर बंडू वाचला असता असं मी म्हणत नाही. पण पथ्य आधी सुरू झालं असतं, काही महिने बरे गेले असते, आणि त्याच्या आजाराला आम्ही खोड म्हटलं नसतं.

सातव्या महिन्यात तो गेला.

त्या गृहस्थांना मी कधी फोन केला नाही. त्यांनी लपवलं की त्यांनाच ठाऊक नव्हतं, याचा छडा लावून काय मिळणार होतं? पण एक पक्कं ठरलं. पुढचं कुत्रं आणायचं तर दात मोजून.

पुढचं कुत्रं यायला दोन वर्षं गेली. निवाऱ्यात जायच्या आदल्या रात्री मी वहीत यादी काढत बसले होते. नवऱ्याने खांद्यावरून डोकावून वाचली आणि म्हणाला, "आपण कुत्रं आणतोय की पोलीस भरती घेतोय?" मी उत्तर दिलं नाही, कारण मलाही थोडी लाज वाटत होती. प्रेमाने आणायच्या जिवाची अशी झडती घ्यायची? ज्याला कोणी नाही त्याच्या हिरड्या दाबून बघायच्या? ही लाज फार जुनी आणि फार चिवट आहे. दया करायला निघालं की डोळे मिटून करावी, असं कुठेतरी मनात रुतून बसलेलं असतं.

निवारा सांभाळणाऱ्या ताईंनी ती एका वाक्यात उतरवली. मी चाचरत विचारलं, जरा नीट तपासून बघू का? त्या हातातली बादली खाली ठेवत म्हणाल्या, "बघा की. न बघता नेतात ना, तेच महिन्याभरात परत आणून बांधतात." मग परत आलेल्या कुत्र्याचं काय होतं हे त्यांनी सांगितलं. ते इथे लिहीत नाही. पहिल्यांदा सोडलेलं कुत्रं दाराकडे बघतं, दुसऱ्यांदा सोडलेलं भिंतीकडे, एवढंच लक्षात राहिलंय.

त्यांनी जी दाखवली तिचं नाव ठकी. काळीकरडी, मध्यम चणीची, पायांत पांढरे मोजे. वय विचारलं तर, "असेल चार-पाच वर्षांची." आठ महिन्यांपूर्वी कोणीतरी रात्री दाराला बांधून गेलं होतं. त्याआधीचं काही कोणालाच माहीत नाही.

पिल्लू आणि मोठं कुत्रं यांत हाच तर फरक. पिल्लाची पाटी कोरी असते, निदान आपण तसं समजतो. मोठं कुत्रं आपलं अख्खं चरित्र घेऊन येतं आणि ते सांगायला त्याला तोंड नसतं. असतं, पण त्या तोंडात शब्द नसतात, दात असतात. त्याबद्दल पुढे सांगते.

पहिली वीस मिनिटं मी तिला हातच लावला नाही. ही गोष्ट मला बंडूच्या डॉक्टरांनी शिकवली होती. अनोळखी माणसाने हात लावला की कुत्रं सावध होतं, अंग चोरतं, दुखणं लपवतं. लांबून बघितलं तर ते स्वतःच सगळं दाखवतं. ताई तिला फिरवून दाखवायला निघाल्या होत्या, मी म्हटलं, नको, आधी झोपू दे, मला ती उठताना बघायचीय. सांधे आखडलेलं कुत्रं दोन फेऱ्या मारल्यावर मोकळं होतं आणि मग छान चालतं. त्याचं खरं दुखणं झोपेतून उठतानाच्या पहिल्या चार पावलांत असतं.

ठकी उठली, पुढे ताणली, मागे ताणली, अंग झाडलं आणि चालायला लागली. पुढचा पाय दुखत असला तर तो टेकताना कुत्रं डोकं वर उचलतं आणि चांगला पाय टेकताना खाली घेतं. प्रत्येक पावलाला मान डुलते. तिची डुलत नव्हती. खुब्याचं हाड खोबणीत नीट बसत नसलेली कुत्री, विशेषतः मोठ्या जातीची, पळताना दोन्ही मागचे पाय सशासारखे एकदम टाकतात. लहान जातीतली काही चालता चालता तीन-चार पावलं एक मागचा पाय उचलून उड्या मारतात आणि पुन्हा काही झालंच नाही अशी चालू लागतात. लोक त्याला नखरा म्हणतात, पण तिथे गुडघ्याची वाटी सरकत असते. आणि बसणं? निरोगी कुत्रं चौकोनी बसतं, दोन्ही गुडघे घडी घालून. गुडघ्यातला अस्थिबंध फाटलेलं कुत्रं एक पाय बाजूला फेकून बसतं, पारावर ऐसपैस बसलेल्या म्हाताऱ्यासारखं. ठकी चौकोनी बसली. फक्त बसल्या जागेवरून तिचं सगळं लक्ष दाराच्या कडीकडे होतं. कोणी आत आलं, कोणी बाहेर गेलं, की आधी कडी बघायची आणि मग माणूस. मी वहीत लिहिलं, 'चाल चांगली. कडी बघते.' आणि पुढे गेले.

मग हात. तोही ताईंचा हात आधी आणि माझा नंतर. पहिल्या भेटीत कुत्र्याचा जबडा उघडायला जाणाऱ्याला ते चावलं तर चूक कुत्र्याची नाही. ओठ बाजूने नुसता वर उचलला तरी पुष्कळ दिसतं. हिरडी बोटाने दाबून सोडली की पांढरा ठसा उमटतो, तो दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. हिरडी फिकी असेल तर रक्त कमी, पिवळी असेल तर कावीळ. ठकीची हिरडी काळी होती. जन्मतः काळी, पुष्कळ कुत्र्यांची असते. तिथे काहीच कळेना, म्हणून डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहिला. गुलाबी.

बरगड्यांसाठी एक सोपी खूण आहे. आपल्या एका हाताची मूठ वळावी आणि तिच्यावर दुसऱ्या हाताची बोटं फिरवावीत. मुठीच्या गाठींसारख्या बरगड्या लागल्या तर कुत्रं रोड. हात सरळ करून मागच्या बाजूवर फिरवलं तर जसं लागतं तसं बेताचं. तळव्यासारखं लागलं, म्हणजे हाडं चाचपडून शोधावी लागली, तर लठ्ठ. ठकी रोड आणि बेताची यांच्या मध्ये होती. कानांना वास नव्हता. कानाची कड चिमटीत धरून घासली तरी तिचा मागचा पाय हवेत खाजवायला लागला नाही. खरजेच्या किड्यांनी भरलेलं कुत्रं बहुधा लगेच खाजवायला लागतं. त्या किड्यांची लूत माणसाच्या अंगावरही येते, म्हणून हे बघून घेतलेलं बरं. दुसऱ्या प्रकारची लूत असते ती माणसाला लागत नाही. पण चट्टा बघून कुठली कोणती हे सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्यावर ठेवावा.

इथे एक सांगून ठेवते. कातडीचा आजार असलेलं कुत्रं देताना आधी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलेलं असेल तर दोन-चार आठवडे ते झकास दिसतं. लंगडणाऱ्याला वेदनाशामक दिलं असेल तर ते भेटीच्या दिवशी दौडतं. त्यामुळे 'गेल्या महिन्याभरात काय काय औषध दिलं?' हा प्रश्न सरळ विचारावा आणि उत्तर देताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघावं. लसीच्या कार्डाचंही तेच. औषधाच्या बाटलीवरून काढलेलं लेबल, त्यावरचा बॅच नंबर, तारीख, सही असं सगळं असेल तर ते कार्ड. नुसतं एकाच पेनाने एकाच बैठकीत लिहिलेल्या पाच तारखा असतील तर तो कागद. अशा वेळी लस दिलीच नाही असं धरून पुन्हा सुरुवात करावी. रेबीजशी तर जुगार खेळूच नये. त्याची लक्षणं दिसायला लागल्यावर उपाय नाही, कुत्र्यालाही नाही आणि माणसालाही नाही.

जबड्याखाली, खांद्याच्या पुढे आणि मागच्या गुडघ्याच्या मागे अवधाण आल्यासारख्या गाठी लागतात का ते पाहिलं. नव्हत्या. मग पोट. ठकी एव्हाना मला कंटाळली होती आणि आपणहून उताणी झाली होती. पोटावर शस्त्रक्रियेचा व्रण दिसला नाही, म्हणजे नसबंदी झालेली नसणार. बोटं सडांवरून एकेक करत मागे गेली आणि शेवटून दुसऱ्या सडाशी थांबली. वाटाण्याएवढं काहीतरी होतं. कडक, कातडीखाली हलणारं. मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी खाली बसून स्वतः चाचपलं. "हे नव्हतं," म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "असेलही. साठ कुत्री आहेत माझ्याकडे." या प्रामाणिकपणासाठी मी त्या बाईंना मनातल्या मनात नमस्कार केला.

डॉक्टरांकडे ताई आणि मी दोघी तिला घेऊन गेलो.

ते आधी तिच्याशी बोलले, मग माझ्याशी. छातीला नळी लावून बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिले. तापमान ३८.६ अंश सेल्सियस निघालं. मी दचकले, तर हसले आणि म्हणाले, "कुत्र्याचं एवढंच असतं." ३८.३ ते ३९.२ हे त्यांच्यातलं नेहमीचं, आपला ताप तो त्यांचा रोजचा दिवस. मग त्यांनी कापसाचा बोळा तिच्या डोळ्यांसमोरून खाली सोडला. कापूसच का? तो पडताना आवाज होत नाही. नजरेने पाठलाग केला तर दिसतंय, नाहीतर कुत्री कानांवर आणि नाकावर इतकं निभावून नेतात की आंधळेपण महिनोन्महिने कळत नाही. ठकीने बोळा जमिनीवर पडेपर्यंत पाहिला आणि मग नाराजीने डॉक्टरांकडे पाहिलं.

डोळ्यांत बॅटरी मारून ते म्हणाले, "चार-पाच कोण म्हणालं?"

ताई माझ्याकडे बघायला लागल्या.

वाकून पाहिलं तर बाहुलीच्या आत निळसर धूर साठल्यासारखं दिसत होतं. मला मोतीबिंदू वाटला. मोतीबिंदू पांढरा असतो आणि नजर अडवतो. हा तसा नव्हता. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग आतून दाट होत जातं आणि साधारण सहा-सात वर्षांनंतर ही निळी झाक दिसायला लागते. नजरेला फारसा त्रास नसतो. "सात तरी आहे. आठही असेल," ते म्हणाले. म्हणजे गेल्या अर्ध्या तासात ठकी माझ्यासमोर तीन वर्षांनी मोठी झाली.

आणि मग दात.

मोठ्या कुत्र्याच्या तोंडात ४२ दात असतात, पिल्लाच्या २८. डॉक्टरांनी ओठ उचलून ते खरंच मोजले, पुटपुटत. ४१. एक छोटी दाढ कधीतरी पडली होती. मागच्या दाढांवर पिवळट कीटण होतं. तिशी ओलांडलेल्या माणसाच्या केसांत पांढरं दिसावं तितकं ते नेहमीचं. तीन वर्षांपुढच्या बहुतेक कुत्र्यांच्या हिरड्यांना काही ना काही झालेलंच असतं. पण पुढच्या दातांवर त्यांनी बोट ठेवलं. "हे बघा." दातांच्या मधोमध, सगळ्यांवर साधारण एकाच उंचीला, तपकिरी खड्ड्यांची रांग होती. वाळवीने पुस्तकाची पानं एकाच ओळीवर खावीत तशी.

"लहानपणी डिस्टेंपर झालेला असावा. किंवा तेवढाच मोठा ताप."

डिस्टेंपर म्हणजे कुत्र्यांना होणारा विषाणूचा ताप. कायमचे दात हिरडीच्या आत तयार होत असतात तेव्हा पिल्लू असं आजारी पडलं की वरचं पांढरं आवरण त्या दिवसांपुरतं नीट बनत नाही. पिल्लू जगलं तर दात पुढे वाढतो, पण तेवढा पट्टा तसाच राहतो, जन्मभर. डिस्टेंपरमधून फार पिल्लं वाचत नाहीत. वाचलेल्यांपैकी काहींच्या अंगाला पुढे झटके येत राहतात, काहींच्या पंज्यांच्या गाद्या आणि नाक टणक होतात. डॉक्टरांनी तिच्या गाद्या चेपून पाहिल्या. मऊ होत्या. म्हणजे दोन-तीन महिन्यांची ठकी कुठेतरी तापाने फणफणून पडली होती, नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती वाचली होती. कोणी वाचवली का आपली आपणच वाचली, हे दातांवर लिहिलेलं नव्हतं.

"अजून एक आहे." त्यांनी सुळ्याच्या मागच्या बाजूवरून नख फिरवलं. मलाही फिरवायला सांगितलं. सुळा पुढून गोल गुळगुळीत होता, मागून सपाट. कानस मारल्यासारखा. चारही सुळे तसेच. दगड चावणाऱ्या किंवा चेंडू चघळणाऱ्या कुत्र्याचे दात टोकाकडून झिजतात, मागून नाही. मागून झिजायला काहीतरी सुळ्याच्या मागे अडकवून ओढावं लागतं.

"गज," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर जाळी. कुठेतरी पिंजऱ्यात होती ही. दोन-चार दिवस नाही, पुष्कळ दिवस."

कडी. ती कडी बघते, असं मी वहीत लिहिलं होतं आणि पान उलटलं होतं. ताई काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी ठकीच्या मानेवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

बाकीचं भराभर झालं. मानेवरून, दोन खांद्यांच्या मधून यंत्र फिरवून चिप आहे का पाहिलं. असती तर १५ आकडे दिसले असते. नव्हती. विष्ठेत अंकुशकृमींची अंडी निघाली, त्याला औषध आहे. शेपटीखाली तपासताना डॉक्टरांनी एक विलक्षण गोष्ट सांगितली. कुत्र्यांमध्ये एक कर्करोग संसर्गाने पसरतो. माद्यांना आणि नरांना मीलनातून लागतो, रक्त ठिबकतं आणि लोक समजतात माजावर आलीय. त्या गाठीतल्या पेशी त्या कुत्र्याच्या स्वतःच्या नसतातच. हजारो वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्याच्या अंगात सुरू झालेला तो रोग, त्याच्याच पेशी, अंगावरून अंगावर जात आजपर्यंत जिवंत आहेत. औषधाला बहुधा चांगली दाद देतात, एवढं बरं. ठकीला ते नव्हतं. मी मात्र त्या रात्री बराच वेळ त्या हजारो वर्षांपूर्वीच्या कुत्र्याचा विचार करत होते.

रक्ताचे रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आले. मूत्रपिंडं चांगली. हा आकडा मी सगळ्यांत आधी शोधला, आणि ठकीचं पाणी ताईंकडून दोन दिवस मोजूनही घेतलं होतं. यकृत चांगलं. हार्टवर्म निगेटिव्ह. पण हा डासांमार्फत येणारा कृमी हृदयाशेजारच्या रक्तवाहिन्यांत वाढून मोठा व्हायला सहाएक महिने घेतो आणि चाचणी सापडवते ती मोठ्या मादीची खूण. त्यामुळे आजचं 'नाही' हे सहा महिन्यांपूर्वीचं 'नाही'. चाचणी पुन्हा करायची. एर्लिकिया, म्हणजे गोचिडांमधून येणारा ताप, त्याच्या प्रतिपिंडांची चाचणी पॉझिटिव्ह. प्लेटलेट्स २ लाख १० हजार, म्हणजे ठीक. प्रतिपिंडं सापडली याचा अर्थ जंतूची आणि तिची कधीतरी गाठ पडली होती, इतकाच. ती लढून जिंकली असेल, किंवा जंतू आत दडून बसला असेल. महिनोन्महिने, वर्षानुवर्षंही बसतो. गोळ्या लगेच चालू न करता महिन्याने रक्त पुन्हा बघू, असं डॉक्टर म्हणाले. मला ते आवडलं. आकड्याला औषध देणारे पुष्कळ असतात.

राहिली ती गाठ. मादीच्या सडांमधल्या गाठी सुमारे निम्म्या वेळा घातक निघतात. लहान असताना काढली तर बरी. सुईने घेतलेल्या चार पेशींवरून तिथे पुरतं सांगता येत नाही. काढून प्रयोगशाळेत पाठवावी लागते.

त्या रात्री आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी रिपोर्ट पसरून बसलो. नवऱ्याने या वेळी थट्टा केली नाही. "सात-आठ वर्षांची, गाठ आहे, रक्तात खूण आहे, आणि कोंडलं तर बहुतेक घर डोक्यावर घेईल," त्याने मोजलं. "तू दात मोजायला गेली होतीस. मोजलेस. आता?"

मी ताईंना 'जमणार नाही' असा निरोप लिहिला होता. पाठवला नव्हता, पण लिहिला होता, हे कबूल करते. आणि पाठवला असता तरी त्यात पाप नव्हतं असं मला आजही वाटतं. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने खुबे गेलेलं चाळीस किलोचं कुत्रं 'कसंतरी होईल' म्हणून आणू नये. ज्याला रोज ठरल्या वेळी इंजेक्शन देणं जमणार नाही त्याने मधुमेही कुत्रं घेऊ नये. तपासून नाही म्हणणारा निष्ठुर आणि न तपासता हो म्हणणारा दयाळू, ही विभागणी करणाऱ्यांनी एकदा त्या निवाऱ्यातल्या भिंतीकडे बघणाऱ्या कुत्र्यांजवळ बसावं.

आम्ही मग आमचीच तपासणी केली. शस्त्रक्रिया झेपेल का? झेपेल. दर सहा महिन्यांनी रक्त? हो. दिवसभर घरात कोणी ना कोणी असतं का? असतं, मी घरूनच काम करते. गाठ वाईट निघाली तर? इथे दोघंही गप्प झालो. मग तो म्हणाला, "बंडूच्या वेळी आपल्याला काही माहीतच नव्हतं. या वेळी निदान माहीत तरी आहे." निरोप मी खोडला.

गाठ आणि नसबंदी एकाच भुलीत उरकली. माजानंतर महिना-दीड महिन्यात गर्भाशयात पू होण्याची जी भीती नसबंदी न झालेल्या माद्यांना असते, तीही त्यातच मिटली. दहा दिवस ती गळ्यात प्लास्टिकचा नरसाळा घालून दारांच्या चौकटींना धडकत फिरली. प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला, गाठ साधी. मी पेढे वाटायच्या बेतात होते. पाच महिन्यांनी दुसऱ्या बाजूच्या सडाशी आणखी एक लागली, मसुराएवढी. ती अजून आहे. दर रविवारी मी ती चाचपते आणि वहीत आकार लिहिते. हार्टवर्मची दुसरी चाचणीही निगेटिव्ह आली. प्लेटलेट्स कधी वर कधी खाली, पण दोन लाखांच्या आसपास.

पिंजरा आम्ही आणलाच नाही. शस्त्रक्रियेनंतर कुत्र्याला छोट्या जागेत ठेवा असं सांगतात. आम्ही तिच्यासाठी अख्खी खोली मोकळी केली आणि दाराची कडी काढून टाकली. तिथली चार भोकं अजून बुजवलेली नाहीत. पाहुणे विचारतात, दार लागत का नाही? मी म्हणते, सुतार येणार आहे.

कडीकडे बघणं मात्र सुटलेलं नाही. कोणाच्याही घरी नेलं तर आधी कडी.

रात्री ती झोपली की मी तिचे श्वास मोजते. शांत झोपेत मिनिटाला ३० च्या आत हवेत. हृदय थकायला लागलं तर हा आकडा बाकी कशाच्याही आधी वाढतो, असं डॉक्टर म्हणाले होते. अंधारात घड्याळाचा काटा बघत, तिच्या बरगड्यांवर डोळे ठेवून मी मोजत बसते. १६, १७. साधारण विसाच्या आसपास येऊन ती एक डोळा उघडते, मी अजून इथेच आहे हे बघते, आणि एक लांबलचक उसासा टाकते. तो मोजायचा की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मग मी पुन्हा एकपासून सुरू करते.